ट्रॅक डे आणि रोजच्या गाडीचे टायर: बाहेरची कड का जाते आणि ती वाचवायची कशी

ट्रॅक डे म्हणजे आपली रोजची गाडी रेसच्या ट्रॅकवर, ठरलेल्या वेळाच्या सेशनमध्ये चालवायचा दिवस. चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटच्या पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागी, जेवणाच्या सुट्टीत एक दृश्य हमखास दिसतं. कुणीतरी पुढच्या चाकाशी उकिडवा बसलेला असतो, टायरच्या बाहेरच्या कडेवरून अंगठा फिरवत असतो आणि शेजारच्याला विचारतो, "मधे नक्षी भरपूर आहे, मग इथेच असं कसं झालं?" सकाळी हवा किती होती, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "कालच पंपावर भरून घेतली." आणि सेशन संपल्या संपल्या, टायर गरम असताना? ते कुणी बघितलेलंच नसतं.

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसलेल्यांसाठी आहे. गृहीत इतकंच की गाडी पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक किंवा सेडान आहे, सस्पेन्शन कंपनीचंच आहे, टायर रोजचेच आहेत आणि त्याच टायरवर घरी परतायचं आहे. पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांना हा शेवटचा मुद्दा फार महागात पडतो. तळेगावजवळच्या नाणोलीच्या ट्रॅकला गेलात तर गोष्ट वेगळी, पण श्रीपेरुंबुदूर (मद्रास सर्किट त्याच्याजवळच आहे) किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकहून पुण्याला यायचं तर हजारावर किलोमीटर असतात. हवेचे सगळे आकडे पीएसआयमध्ये आहेत.

## आधी हे समजून घ्या

रस्त्यावरच्या गाडीची पुढची चाकं जवळपास सरळ उभी असतात. जोरात वळण घेतलं की बॉडी बाहेर झुकते आणि तिच्याबरोबर बाहेरचं चाकही वरून बाहेर कलतं. टायरचा सपाट पृष्ठभाग रस्त्यावर नीट बसत नाही, सगळा भार बाहेरच्या कडेवर येतो. हे टाळण्यासाठीच रेसच्या गाड्यांची चाकं मुळातच वरून आत कललेली ठेवतात. यालाच निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. आपल्या गाडीला तो अर्धा-एक अंश असला तरी खूप.

त्यात पुढच्या चाकांवर चालणारी गाडी म्हणजे ओढायचं, वळवायचं आणि ब्रेकचं बहुतेक ओझं त्याच दोन टायरवर. मागचे दोघे बहुतांश वेळ प्रवासी. आणि ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने असेल, ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट आणि मद्रास दोन्ही तसेच आहेत, तर उजवी वळणं जास्त, म्हणजे डाव्या बाजूचे टायर जास्त पिळले जातात. बुद्धच्या दहा-अकरा क्रमांकाच्या लांबलचक उजव्या वळणात डाव्या पुढच्या टायरला श्वास घ्यायलाही जागा नसते. चार टायरपैकी एकाची एकच कड आधी जाते ती अशी.

कॅम्बर आपण फारसा बदलू शकत नाही. हवा आणि चालवणं मात्र पूर्ण आपल्या हातात आहे. पुढचे सगळे टप्पे या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

## टप्पा १: आठवडाभर आधी टायर तपासा

१. टायरची जन्मतारीख बघा. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, 'डॉट'च्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. '२३२२' म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचं रबर रस्त्यावर कदाचित निभेल, ट्रॅकवर नेऊ नका. नक्षी कितीही ताजी दिसो.

२. वेगाचं अक्षर बघा. '१९५/५५ आर १६ ८७ व्ही' यातलं 'व्ही' म्हणजे ताशी २४० किमी. 'एच' म्हणजे २१०, 'टी' म्हणजे १९०, 'एस' म्हणजे १८०. बुद्धची सगळ्यात लांब सरळ रेघ किलोमीटरपेक्षा थोडी जास्तच आहे. ताकदीच्या सेडानला स्वस्तात मिळाले म्हणून 'टी'चे टायर चढवले असतील तर तिथे नेण्याआधी बदला.

३. खोली तीन ठिकाणी मोजा. खोली मोजायचं गेज एक-दोनशे रुपयांत मिळतं. बाहेरची खाच, मधली आणि आतली, चारही टायरची, म्हणजे बारा आकडे. वहीत लिहा. मोबाइलमध्ये लिहिलेलं पुढच्या वेळी सापडत नाही, स्वानुभव.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट इथे आहे. मधल्या खाचांत जे छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटर उरले की नक्षीच्या पातळीला येतात, आणि कायद्यालाही तेवढीच मर्यादा मान्य आहे. पण हे उंचवटे मुख्य खाचांत असतात, कडेवर नसतात. त्यामुळे टायरवाला मधे बघून "साहेब, अजून साठ टक्के आहे" म्हणतो, ते त्याच्या परीने खरंच असतं. आणि त्याच वेळी बाहेरच्या कडेला तारा डोकावायच्या बेतात असतात.

४. साइडवॉलवर दोन्ही बाजूंनी हात फिरवा. फुगा, चीर, खड्ड्यात आपटल्याची खूण. आतली बाजू बघायला चाक काढावं लागतं. काढाच.

५. पंक्चर आठवा. दोरी भरून काढलेलं पंक्चर रोजच्या वापरात वर्षानुवर्षं टिकतं. ट्रॅकवर टायर तापून पिळला जातो तेव्हा तीच जागा दगा देऊ शकते. दोरीचं पंक्चर असलेला टायर पुढे नको; कडेजवळ असेल तर गाडीवरच नको. आतून बसवलेला मशरूम पॅच आणि तोही नक्षीच्या मध्यभागी, एवढंच चालेल.

नेहमीची चूक: ट्रॅक डे आहे म्हणून आदल्या दिवशी कोरे टायर चढवणं. नव्या टायरची सात-आठ मिलिमीटरची उंच नक्षी वळणात डुलते, त्या डुलण्याने तापते आणि तिचे तुकडे निघतात. चार-पाच मिलिमीटर उरलेला, पण सगळीकडे सारखा झिजलेला टायर ट्रॅकसाठी जास्त बरा. फक्त पाऊस असेल तर हे गणित उलटं होतं. नवे टायर घ्यायचेच असतील तर दोन-तीन आठवडे आधी घ्या, निदान दोनशे किलोमीटर साधे चालवा, मग न्या.

तपासा: गाडीच्या विम्याची पॉलिसी काढून 'वापराची मर्यादा' वाचा. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. टायरच्या वॉरंटीचंही बहुधा तसंच असतं. माहीत असून जाणं वेगळं, तिथे जाऊन कळणं वेगळं.

## टप्पा २: अलाइनमेंट आणि नट

अलाइनमेंट निघायच्या आदल्या दिवशी करू नका. चार दिवस आधी करा आणि मशिनमधून निघणारा कागद मागून घ्या; नुसतं "झालं साहेब" ऐकून येऊ नका. कागदावर टो (वरून बघितलं तर चाक आत किंवा बाहेर किती वळलंय ते) आणि कॅम्बर, डावं-उजवं, दोन्ही असतं. टो कंपनीच्या मर्यादेत आणि दोन्हीकडे सारखा हवा. तो बिघडलेला असेल तर टायर वळणातच नाही, सरळ रस्त्यावरही घासत असतो. मग सगळा दोष ट्रॅकच्या माथी मारला जातो.

बऱ्याच लहान गाड्यांत पुढचा कॅम्बर कंपनीच्या बोल्टवर हलत नाही. कॅम्बर बोल्ट बसवून एखादा अंश मिळतो आणि वर्षाला तीन-चार ट्रॅक डे करणाऱ्याला त्याचा खर्च टायरमधून वसूलही होतो. पण कॅम्बर बदलला की टो बदलतो, हे विसरून लोक बोल्ट बसवतात आणि तसेच निघतात. बोल्टनंतर पुन्हा अलाइनमेंट, हाच क्रम.

चाकाचे नट टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळतोय ते मोजणाऱ्या पान्याने आवळा. लहान गाड्यांना साधारण १०० ते १२० न्यूटन मीटर लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. पंक्चरवाल्याच्या गनने आवळलेला नट कधी ढिला असतो, कधी पुढच्या वेळी सुटतच नाही.

## टप्पा ३: सोबत काय घ्यायचं

स्वतःचं हवेचं गेज, बारा व्होल्टवर चालणारा पंप, टॉर्क पाना, खोलीचं गेज, पांढरा खडू, वही, जाड हातमोजे, चाकाला लावायला लाकडी ठोकळा. गेज एकच आणि स्वतःचंच वापरा. पंपावरच्या दोन मशिनमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक सहज निघतो आणि आपण इथे एकेका पीएसआयसाठी भांडणार आहोत.

## टप्पा ४: सकाळी, टायर थंड असताना

ट्रॅकवर पोहोचल्यावर लगेच हवा बघू नका. हॉटेलपासून चालवत आलात म्हणजे टायर कोमट झालेत. गाडी तासभर उभी राहू द्या, तीही सावलीत. एका बाजूला कोवळं ऊन पडलं तरी त्या बाजूचे टायर एखादा पीएसआय जास्त दाखवतात आणि आपण उगाच हवा सोडत बसतो.

पहिल्या सेशनला हवा दाराजवळच्या स्टिकरवर आहे तेवढीच ठेवा. "ट्रॅकवर हवा कमी ठेवायची, ग्रिप मिळते" असं सांगणारा एक जण पिटमध्ये असतोच. "चाळीस भर, दगडासारखा टायर हवा" असं सांगणारा त्याच्या शेजारीच उभा असतो. दोघांचंही ऐकू नका. पहिलं सेशन मोजण्यासाठी आहे.

आता खडू. चारही टायरवर, नक्षीच्या बाहेरच्या ठोकळ्यापासून कड ओलांडून साइडवॉलवर खाली येईल असा बोटभर रुंद पट्टा ओढा. प्रत्येक टायरवर तीन-चार ठिकाणी. बऱ्याच टायरच्या कडेला एक बारीक त्रिकोण असतो. एक पट्टा त्याच्यावरून जाऊ द्या. संध्याकाळपर्यंत हा दोन रुपयांचा खडू बाकी सगळ्या उपकरणांपेक्षा जास्त काही सांगून जातो.

तपासा: वहीत चार आकडे, वेळ आणि हवेचं तापमान लिहिलं का? स्टेपनी, जॅक, बाटल्या, पायाखालचं मॅट गाडीतून काढलं का?

## टप्पा ५: पहिलं सेशन

पहिली फेरी निवांत. टायर आतून तापायला वेळ लागतो. वरचं कातडं आधी तापतं. थंड टायरवर जोर केला तर वरचं रबर खरवडलं जाऊन त्याच्या बारीक वळ्या होतात. नंतर चार-पाच फेऱ्या, तुम्हाला जमेल तो वेग, पण एकसारखा. शेवटची पूर्ण फेरी पुन्हा हळू, ब्रेकला जमेल तितका कमी हात लावत.

रोजचे टायर दुसऱ्या-तिसऱ्या जोरदार फेरीत सगळ्यात छान पकडतात. त्यानंतर ते तेलकट झाल्यासारखे वाटायला लागतात. गाडी वळते, पण थोडी उशिरा, थोडी बाहेर. ही खूण ओळखा. इथून पुढे वेळ सुधारत नाही, फक्त रबर जातं. वीस मिनिटांचं सेशन आहे म्हणून वीस मिनिटं रेटायलाच हवं असा नियम नाही. मधे एक फेरी हळू घ्या, टायर परत माणसात येतात.

## टप्पा ६: पिटमध्ये परतल्यावरची पहिली तीन मिनिटं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लोक येतात, हेल्मेट काढतात, पाणी पितात, मित्राला फेरीची वेळ सांगतात आणि मग गेज घेतात. तोपर्यंत टायर निवायला लागलेले असतात आणि आकडा निरुपयोगी झालेला असतो. क्रम असा ठेवा:

१. गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून राहिलं की त्या जागी डाग पडतो आणि नंतर ब्रेक थरथरतो. लाकडी ठोकळा लावा.

२. हेल्मेटसकट खाली उतरा आणि हवा मोजा. ट्रॅक घड्याळाच्या दिशेचा असेल तर पुढचं डावं आधी, मग पुढचं उजवं, मग मागची. दर वेळी हाच क्रम, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते.

३. लिहा. अजून हवा सोडू नका.

४. खडूचे पट्टे बघा.

५. मग हवा.

आकडा वाढलेला दिसेलच, घाबरू नका. टायरमधल्या हवेचं तापमान दर दहा अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. चाळीस अंश वाढलं तर सहा. सकाळी ३३ भरलेला टायर ३९ दाखवतो, तो असा. इथे कुणीतरी नायट्रोजनचा विषय काढतं. नायट्रोजनही तापला की तेवढाच फुगतो. फायदा असतो तो कोरड्या वायूचा, कारण पंपाच्या हवेतल्या ओलाव्यामुळे दाब थोडा बेभरवशाने वाढतो. पण नायट्रोजन भरला म्हणून गरम मोजायची गरज नाही, हे खोटं.

आता पट्टे वाचा. खडू बरोबर कडेपर्यंत, त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला असेल तर हवा बरोबर आहे. त्रिकोणाच्या खाली साइडवॉलवरही पुसला असेल तर टायर दुमडतोय. हवा दोन पीएसआय वाढवा. नक्षीच्या सगळ्यात बाहेरच्या ठोकळ्यावर खडू अजून शाबूत असेल तर हवा जास्त आहे, एक-दोन सोडा.

हजार-अकराशे किलोच्या, कंपनीच्या सस्पेन्शनच्या हॅचबॅकला पुढे गरम असताना ३६ ते ३८ आणि मागे ३४ ते ३६, इथून मी सुरुवात करतो. हा आकडा पाठ करू नका, खडू सांगेल ते खरं. रेसच्या टायरवर लोक यापेक्षा बरीच कमी हवा ठेवतात आणि तीच सवय रोजच्या टायरला लावतात. पण रोजच्या टायरची साइडवॉल मऊ असते. तिला उभं धरून ठेवते ती हवाच.

डावं-उजवं गरम असताना सारखं करा. दोन पीएसआयचा फरक दिसणं स्वाभाविक आहे, कारण डावा टायर जास्त राबलेला असतो. याचा अर्थ संध्याकाळी थंड झाल्यावर डावीकडे हवा कमी दिसेल. ही गोष्ट लक्षात ठेवा, टप्पा नऊमध्ये लागणार आहे.

सावधान: टायरवर किंवा चाकावर पाणी ओतू नका. टायरला त्याने फारसं काही होत नाही, पण लालबुंद तापलेल्या डिस्कवर थंड पाणी पडलं की ती वाकू शकते किंवा तडकू शकते.

तपासा: चाकं हाताला सोसतील इतकी निवल्यावर नट एकदा टॉर्क पान्याने बघा. पहिल्या सेशननंतर हे एकदा करायचंच.

## टप्पा ७: पुढची सेशन

प्रत्येक सेशनआधी खडू पुन्हा ओढा. दुपारी डांबर तापलेलं असतं, त्यामुळे सकाळी जमवलेली हवा दुपारी दोनने वर जाते. पुन्हा मोजा, पुन्हा सोडा. आणि किती सोडली ते लिहा.

आता चालवण्याबद्दल. पुढचा टायर मरतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. वेग जास्त घेऊन वळणात शिरलो, गाडी बाहेर सरकायला लागली, आणि आपण स्टिअरिंग आणखी वळवलं. सरकणाऱ्या टायरला आणखी वाकडं धरलं की पकड वाढत नाही, घासणं वाढतं. त्या क्षणी हात मागे घ्यायचे, स्टिअरिंग थोडं सरळ करायचं, अॅक्सिलरेटर हलका सोडायचा. टायर पुन्हा पकडतो. हे वाचायला सोपं आहे. हात मात्र पहिले दोन ट्रॅक डे ऐकत नाहीत.

कान वापरा. वळणात टायर गुणगुणत असेल तर तो काम करतोय. किंचाळत असेल तर तो झिजतोय. शेजारी बसलेल्या मित्राला किंचाळण्याचा आवाज आवडतो. टायरचं बिल त्याच्या खिशातून जात नाही.

वळणातून बाहेर पडताना घाईने गॅस दिला की आतलं, हलकं झालेलं पुढचं चाक जागच्या जागी फिरतं. साध्या डिफरन्शियलच्या (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) गाडीत हे सतत होतं आणि ताकद जमिनीऐवजी धुरात जाते. पाय अर्धा सेकंद उशिरा दिला तर टायरही वाचतो आणि गाडीही आधी सुटते.

मागच्या टायरमध्ये मुद्दाम हवा वाढवून गाडी "फिरती" करायचा सल्ला मिळेल. पहिल्या काही ट्रॅक डेंना तो ऐकू नका. ईएसपी, म्हणजे गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारी यंत्रणा, असेल तर चालू ठेवा.

मागच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पुढची कड तशीच जाते, आणि वर मागच्या टायरची मधली नक्षीही गॅसने खाल्ली जाते. क्रम सगळा तोच, फक्त मागच्या आकड्यांकडे जास्त लक्ष.

## टप्पा ८: टायरवरच्या खुणा वाचणं

दर सेशननंतर, हवा मोजून झाली की, चारही टायर बोटाने आणि डोळ्याने बघा.

नक्षीवरून हात एका दिशेने गुळगुळीत जातो आणि उलट दिशेने करवतीसारखा टोचतो, असं सरळ रस्त्यावर चालवलेल्या टायरवरही जाणवत असेल, तर टो तपासा. वळणात पिळल्यामुळे आलेली करवत फक्त बाहेरच्या ठोकळ्यांवर असते.

पृष्ठभागावर बारीक वळ्या, मळून टाकलेल्या कणकेसारख्या, म्हणजे थंड टायरवर जोर झालाय किंवा गाडी बाजूला सरकतेय. हळू दोन फेऱ्या मारल्या की बऱ्याचदा त्या निघून जातात.

फोड किंवा त्यांचे खड्डे म्हणजे रबर आतून उकळलं. ठोकळ्यांचे तुकडे निघालेत म्हणजे उंच नक्षी जास्त तापली. दोन्हींत त्या दिवशी त्या टायरचं सेशन संपलं असं समजा, किंवा निदान निम्म्या वेगाने चालवा.

टायरला इकडचे-तिकडचे रबराचे गोळे चिकटलेले दिसतील. ती झीज नव्हे, ट्रॅकच्या कडेला पडलेला कचरा आहे. पहिल्यांदा जाणारे ते बघून घाबरतात. खोली मोजताना मात्र ते खरवडून काढा, नाहीतर गेज खोटं बोलतं.

सावधान: बाहेरच्या कडेला कापडाचे धागे किंवा तार दिसली की विषय संपला. "एक शेवटचं सेशन" नाही आणि त्या टायरवर घरी जाणंही नाही. स्टेपनी त्यासाठीच आणली आहे. ती छोट्या मापाची असेल तर पुढच्या चाकावर लांबच्या प्रवासाला लावू नका. मागचं चाक पुढे घ्या, स्टेपनी मागे लावा, तिच्यावर लिहिलेला वेग पाळा आणि जवळच्या शहरात टायर विकत घ्या.

## टप्पा ९: घरी निघण्याआधी

माझ्या पहिल्या ट्रॅक डेला दिवसभर सगळं शहाण्यासारखं केलं. गरम टायरमधली हवा सोडत सोडत ३४ वर आणली, टायरही दिसायला छान राहिले. संध्याकाळी सामान भरलं, जेवलो, झोपलो आणि पहाटे पाचला चौघं निघालो. गाडीत हवेची सूचना देणारी यंत्रणा नव्हती. कृष्णगिरीला कॉफीसाठी थांबलो आणि सहज म्हणून टायरच्या बाजूवर हात ठेवला, तर चटका बसावा इतकी गरम. पहाटे थंड असताना त्या टायरमध्ये २७ च्या आसपास हवा असणार, हे नंतर वहीतल्या आकड्यांवरून हिशेब केला तेव्हा कळलं. चार माणसं, भरलेली डिकी आणि हायवेचा वेग. स्टिकर म्हणत होता ३६.

गरम असताना सोडलेली हवा थंड झाल्यावर परत येत नाही, एवढी साधी गोष्ट होती.

म्हणून क्रम असा: शेवटच्या सेशननंतर टायर पूर्ण निवू द्या, निदान दोन तास, शक्य असेल तर रात्रभर. मग स्वतःच्या पंपाने भरलेल्या गाडीसाठीचा स्टिकरवरचा आकडा भरा, डावं-उजवं सारखं. नट पुन्हा टॉर्क पान्याने. वॉल्व्हची टोपणं लावलीत ना? सकाळी घाईत ती पिटच्या भिंतीवर राहतात. पहिले पन्नास किलोमीटर स्टिअरिंग थरथरतंय का बघा. चिकटलेल्या गोळ्यांमुळे थोडी थरथर असते आणि ती हळूहळू जाते. गेली नाही तर टायर सपाट घासलाय किंवा चाकाला लावलेलं शिशाचं वजन पडलंय, बॅलन्सिंग करून घ्या.

रात्रभर थांबणं शक्य नसेल आणि कोमट टायरवरच निघायचं असेल तर स्टिकरपेक्षा तीन-चार जास्त भरा आणि दुसऱ्या दिवशी थंड असताना नीट करा. थोडी जास्त हवा चालेल, कमी नको.

## टप्पा १०: घरी आल्यावर

पुन्हा बारा आकडे मोजा. समजा पुढच्या डाव्याला बाहेर ३.०, मधे ४.८, आत ५.१ आलं. बाहेर आणि मध्यात दोनपर्यंतचा फरक म्हणजे हवा कमी पडली किंवा स्टिअरिंग जास्त वळवलं गेलं. मधेच कमी असेल तर हवा जास्त होती. मागच्या वेळच्या पानाशेजारी हे पान ठेवलं की पुढच्या वेळी कुठून सुरुवात करायची ते दिसतं.

मग अदलाबदल. पुढचे टायर सरळ मागे, मागचे तिरपे पुढे, ही पुढच्या चाकांवरच्या गाडीची नेहमीची पद्धत. पण त्याने बाहेरची कड बाहेरच राहते. खरा फायदा टायर रिमवरून उतरवून उलटा चढवण्यात आहे, म्हणजे खाल्लेली कड आत जाते. हे कुठल्या टायरला चालतं ते साइडवॉलवर लिहिलेलं असतं:

साइडवॉलवर ना बाण, ना 'आउटसाइड', म्हणजे साधी नक्षी असेल तर खुशाल उलटा करा.

बाण असेल, म्हणजे फिरण्याची दिशा ठरलेली असेल, तर डावा टायर उजव्या रिमवर आणि उजवा डाव्या रिमवर चढवा. दिशा तीच राहते आणि कड आत जाते.

'आउटसाइड' लिहिलेला असेल तर उलटता येत नाही. तो फक्त पुढे-मागे, डावं-उजवं फिरवा.

टायरवाला विचारेल, "एवढी चांगली नक्षी, उलटा कशाला करताय?" त्याला वहीतलं पान दाखवा, बाहेरच्या आकड्यावर बोट ठेवून. चढवून झाल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या, नट गनने नको, टॉर्क पान्याने आवळायला सांगा, आणि निघण्याआधी स्टेपनीत हवा आहे का तेही बघून घ्या.